अर्ज माहितीचा, भांडण दप्तराचं

माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्राला त्याची ओळख त्याहून जुनी. राज्याचा स्वतःचा कायदा २००० साली आला, पण तो इतका लेचापेचा होता की त्याच्या जागी दुसरा करावा लागला. हा दुसरा कायदा राष्ट्रपतींच्या सहीसाठी अडकला, तेव्हा अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईत उपोषणाला बसले आणि सही झाली. एवढा अनुभव गाठीशी असूनही आपली चर्चा दोनच तक्रारींभोवती फिरते : अधिकारी माहिती देत नाहीत, आणि माहिती आयोगाकडे अपिलं तुंबलीत. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. पण दोन्हींच्या बुडाशी कचेरीतलं दप्तर आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मागितलेला कागद कोणत्या कपाटात आहे हे ज्या कार्यालयाला स्वतःलाच सांगता येत नाही, तिथे अर्जदारही हतबल आणि प्रामाणिक माहिती अधिकारीही हतबल. पुढचे मुद्दे याच अनुषंगाने, आणि मुख्यतः राज्य सरकारच्या तालुका-जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांबद्दल.

१. खुलासा मागू नका, कागद मागा.

फेटाळल्या जाणाऱ्या अर्जांपैकी पुष्कळ अर्ज पहिल्याच ओळीत हरलेले असतात. ‘आमच्या गावचा रस्ता एका पावसाळ्यात का उखडला?’ असा प्रश्न विचारला की ‘आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे’ असं एका ओळीचं उत्तर येतं आणि महिना वाया जातो. राग येतो, पण कायद्याच्या बाजूने पाहिलं तर उत्तर अगदीच चुकीचं नसतं. कलम २ मधली माहितीची व्याख्या अभिलेख, टिपण्या, अभिप्राय, परिपत्रकं, आदेश, करार, अहवाल, नमुने अशा आधीच अस्तित्वात असलेल्या गोष्टींची आहे. नसलेली माहिती तयार करून देणं किंवा कारणमीमांसा करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात सांगितलं. त्याच निकालात विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मिळाला हे मात्र कार्यालयं सोयीस्करपणे विसरतात.

मग उखडलेल्या रस्त्याबद्दल काय मागायचं? प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, गुणनियंत्रण चाचण्यांचे अहवाल, चालू आणि अंतिम देयकं, काम पूर्णत्वाचा दाखला, आणि करारनाम्यातली दोषदायित्व कालावधीची अट. रस्ता का उखडला याचं उत्तर या कागदांत आपोआप असतं, आणि ते कुणाच्या खुलाशावर अवलंबून नसतं. दोषदायित्वाची मुदत संपायची असेल तर ठेकेदाराला स्वखर्चाने दुरुस्ती करावी लागते. हा एक कागद हातात असला तर ग्रामसभेत आरडाओरडा करण्याची गरज पडत नाही.

टिपणीही आवर्जून मागावी. मंत्रालयाच्या पद्धतीत नस्तीचे दोन भाग असतात, टिपणी विभाग आणि पत्रव्यवहार विभाग, पानांवर टि.वि. आणि प.वि. असे क्रमांक घातलेले असतात. पत्रव्यवहारात निर्णय दिसतो. तो कुणी अडवला, कुणी ढकलला, कनिष्ठाने घेतलेली हरकत वरिष्ठाने कोणत्या वाक्याने बाजूला सारली, ते टिपणीत दिसतं. २००६ मध्ये केंद्र सरकारने टिपण्याच कायद्याच्या कक्षेतून काढायचा घाट घातला होता; त्याविरुद्ध अण्णांनी आळंदीला उपोषण केलं आणि तो बेत बारगळला. ज्या गोष्टीसाठी एवढं झालं ती आपण अर्जात लिहायलाच विसरतो.

२. दीडशे शब्द पुरतात.

राज्याने २०१२ मध्ये नियमात दुरुस्ती करून अर्ज एका विषयापुरता आणि साधारण दीडशे शब्दांत असावा असं ठरवलं. केंद्राच्या कायद्यात अशी अट नाही, त्यामुळे ती जाचक आहे हे मान्य. पण कागदांची नावं लिहायला दीडशे शब्द लागत नाहीत. गाऱ्हाणं मांडायला लागतात. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करण्याची जबाबदारी त्यांची. ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून अर्ज परत देणं हे बेकायदा आहे, आणि रोज घडतं.

३. नक्कल मागण्याआधी संचिका पाहून घ्या.

या सगळ्या खटाटोपात सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत उपयोगी हक्क म्हणजे अवलोकन. कलम २ मध्ये अभिलेखांची पाहणी करणं, टिपणं काढणं, उतारे घेणं हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिला तास फुकट, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. नक्कल हवी तर पानाला दोन रुपये. म्हणजे शंभर पानांसाठी दोनशे रुपये भरून, त्यातली नव्वद पानं निरुपयोगी निघण्यापेक्षा, टेबलाशी बसून हवी तीच दहा पानं खुणावणं स्वस्त आणि शहाणपणाचं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने एक परिपत्रक काढलं : जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. पुणे महापालिकेत ही प्रथा आधीपासून होती, ती राज्यभर नेण्याचा विचार चांगलाच होता. आपल्या जिल्ह्यातल्या किती कार्यालयांच्या दारावर ही वेळ लिहिलेली आहे, ते येत्या सोमवारी जाऊन पाहावं.

मी एकदा एका तालुक्याच्या ठिकाणी असंच एका डांबरी रस्त्याचं दप्तर पाहायला बसलो होतो. कार्यालयाचं नाव इथे महत्त्वाचं नाही, असं कार्यालय प्रत्येक तालुक्यात आहे. आधी अर्धा तास ‘साहेब साइटवर गेलेत’ झालं. मग एका कारकुनाने कापडात बांधलेला गठ्ठा टेबलावर आणून टाकला आणि खुर्ची ओढून समोरच बसला. मी पान फाडतो की काय याची काळजी त्याला होती, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. अंदाजपत्रक व्यवस्थित. कार्यारंभ आदेश व्यवस्थित. मोजमाप पुस्तिका, जिला तिथे सगळे ‘एमबी’च म्हणतात, तिच्यात खडीकरणाची नोंद, मग वीस मिलिमीटर जाडीचा कार्पेटचा थर, लांबी, रुंदी, परिमाण, शाखा अभियंत्याची सही, उपअभियंत्याची तपासणीची खूण. सगळं जागच्या जागी. फक्त मोजमापाची तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली. त्या भागात त्या दिवसांत डांबर घालायचं सोडाच, रस्त्यावर पाय ठेवायची सोय नसते. चाचणी अहवालांच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणांच्या, आणि आकडे तिन्हींत दशांशापर्यंत सारखे.

हे मला अर्ज करून कधी कळलं असतं? मला त्या तारखेवर शंका होती म्हणून मी अर्ज केला नव्हता. मला रस्त्याची रुंदी पाहायची होती. माणूस ज्या गोष्टीचा संशय घेतो तीच मागतो. दप्तर समोर असलं की संशय न घेतलेली गोष्टही दिसते. म्हणूनच कार्यालयं नकलेपेक्षा अवलोकनाला जास्त बिचकतात असा माझा समज आहे.

एक जोड. ‘माहिती व्यापक स्वरूपाची आहे, ती गोळा करण्यास मनुष्यबळ लागेल’ हे उत्तर आलं तर त्याचा आधार कलम ७(९) असतो. ते कलम माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याबद्दल आहे, माहिती नाकारण्याबद्दल नाही. त्यावर साधं उत्तर द्यावं : ठीक आहे, गोळा करू नका, मी येऊन पाहतो.

४. रस्त्याचा, सिमेंटचा, औषधाचा नमुना मागता येतो.

प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही कलम २ मध्येच आहे. फार कुणाला ठाऊक नाही, ठाऊक असलेल्यांपैकी फार थोडे वापरतात. शाळेच्या बांधकामात वापरल्या जाणाऱ्या वाळूची पिशवी सीलबंद करून मागितली की काय होतं ते एकदा करून पाहण्यासारखं आहे.

५. ‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर नव्हेच.

आता मूळ मुद्दा. माहिती नाकारण्याची कारणं कायद्याने मोजून दिलेली आहेत, ती कलम ८ आणि ९ मध्ये आहेत. राष्ट्राची सुरक्षा, व्यापारी गुपित, तपासात अडथळा, मंत्रिमंडळाची चर्चा, वगैरे. ‘सापडत नाही’ हे कारण त्या यादीत कुठेच नाही. तरीही राज्यातल्या कार्यालयांतून मिळणाऱ्या उत्तरांत हे वाक्य इतकं रुळलंय की आपणही ते निसर्गनियमासारखं मानून घेतो. जमीन मोजणीची जुनी कागदपत्रं, अकृषिक परवानगीची प्रकरणं, शाळेच्या शिक्षकांच्या मान्यतेचे प्रस्ताव, पाणीपुरवठा योजनांची देयकं, सगळं ‘शोध घेतला असता आढळून आले नाही’.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये याबाबत स्पष्ट भूमिका घेतली : जी माहिती एकेकाळी कार्यालयाकडे होती, ती सापडत नाही एवढ्यावर भागत नाही, कसून शोध घ्यावा, आणि तरी मिळाली नाही तर चौकशी करून जबाबदारी निश्चित करावी. आपल्या राज्यात तर त्यासाठी वेगळा कायदाच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५. सार्वजनिक अभिलेख बेकायदा हलवणं किंवा नष्ट करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्याची प्रत किती कार्यालयांत असेल कोण जाणे. माहिती अधिकाराचं प्रशिक्षण होतं, पोस्टर लागतात, सप्ताह साजरे होतात. अभिलेख कायद्याचं नावही निघत नाही.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. माणसं गेली, वरच्या मजल्यांवरच्या कितीतरी विभागांच्या नस्त्या जळून खाक झाल्या. नंतर त्या पुन्हा उभ्या करण्याचं काम सुरू झालं, कारण एका कागदाच्या प्रती जिल्ह्यात असतात, आयुक्तालयात असतात, लेखा विभागात असतात. राजधानीतल्या आगीत गेलेला कागद पुन्हा जुळवता येतो, तर तालुक्याच्या कपाटातून गेलेला का नाही? देयक निघालं असेल तर कोषागारात त्याची नोंद असणार. पत्र वरून आलं असेल तर वरच्या कार्यालयाच्या जावक नोंदवहीत त्याचा क्रमांक असणार. ‘आढळून येत नाही’ लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने यातलं काय केलं, हे विचारायचं सोडून आपण सरळ अपिलाला धावतो.

माझ्या मते असं उत्तर आल्यावर दुसरा अर्ज टाकावा, आणि त्यात पुढचे कागद मागावेत. एक, त्या विषयाच्या वर्षाची आवक नोंदवही आणि संचिका नोंदवही. दोन, अभिलेख कक्षात संचिका पाठवल्याची यादी. तीन, संबंधित टेबल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांची बदली झाली तेव्हाच्या कार्यभार हस्तांतरणाच्या याद्या. प्रत्येक बदलीत कोणती संचिका कुणी कुणाच्या ताब्यात दिली हे त्यात सहीनिशी असतं, निदान असायला हवं. चार, नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी आणि ती नष्ट करण्याला मिळालेली मंजुरी. कागद नियमाप्रमाणे नष्ट झाला असेल तर त्याची नोंद मिळेल आणि विषय संपेल. नोंदही नसेल, तर तो कागद कुणीतरी नेला आहे किंवा फाडला आहे, आणि आता प्रश्न माहितीच्या कायद्याचा उरलेला नाही. या टप्प्यावर पुष्कळदा चमत्कार होतो. ‘पुनश्च शोध घेतला असता’ संचिका सापडते.

६. हे काम महाराष्ट्राला येत होतं.

१९८० च्या दशकात अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अनिलकुमार लखीना यांनी कचेरीच्या कामाची जी घडी बसवली, ती पुढे ‘लखीना पॅटर्न’ म्हणून देशभर गेली. टेबलांची मांडणी, लोकांना आत येता येईल अशी जागा, कामाची वेळ, आणि मुख्य म्हणजे दप्तर. प्रत्येक कर्मचाऱ्याकडच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे : चालू प्रकरणं, प्रतीक्षेतली प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. अभिलेखांचे वर्ग ठरलेले : ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, आणि ‘ड’ एका वर्षाचा.

सहा गठ्ठे पद्धती हा शब्द आजही प्रत्येक विभागीय परीक्षेत विचारला जातो. नव्याने लागलेला कारकूनही तो पाठ म्हणून दाखवेल. नंतर त्याच्याच टेबलामागे पाहिलं तर एकच गठ्ठा दिसतो आणि तो जमिनीपासून खिडकीपर्यंत गेलेला असतो. त्या पोराचा दोष नाही. अभिलेखपालाची पदं वर्षानुवर्षं रिकामी, वर्गीकरणाला वेळ कुणालाच नाही, आणि वरून दर आठवड्याला ‘तात्काळ’ शिक्क्याचे अहवाल मागितले जातात. एका बाजूला माहिती तीस दिवसांत द्या म्हणायचं आणि दुसऱ्या बाजूला माहिती ज्या खोलीत असते तिथे माणूस नेमायचा नाही.

खरं तर माहिती अधिकार कायद्याने पहिलं काम हेच सांगितलं होतं. कलम ४(१)(क) वाचा : प्रत्येक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख सूचिबद्ध आणि निर्देशित करून ठेवावेत. अर्ज, अपील, दंड हे सगळं त्यानंतर येतं. पाया न घालता आपण वर मजले चढवत गेलो.

७. सतरा बाबींचा फलक.

कलम ४ नेच प्रत्येक कार्यालयाला सतरा बाबी स्वतःहून जाहीर करायला सांगितल्या आणि त्यासाठी एकशेवीस दिवसांची मुदत दिली. काही ठिकाणी त्या जाहीर झाल्या, आणि मग तशाच राहिल्या. फलकावर जन माहिती अधिकारी म्हणून ज्यांचं नाव आहे ते निवृत्त होऊन कीर्तनाला लागलेले असतात.

स्वतःहून जाहीर करण्याने काय होतं याची उत्तम उदाहरणं राज्यातच आहेत. शासन निर्णय आता संकेतस्थळावर असतात, सातबारा घरबसल्या पाहता येतो. त्यासाठी कुणी अर्ज करत नाही. मग मोजमाप पुस्तिका आणि देयकं का नकोत? पंचवीस लाखांच्या रस्त्याची एमबी ही काय लष्करी गुपित आहे? जी कागदपत्रं मागितल्यावर द्यावीच लागतात ती न मागता टाकली तर अर्जांचा ढीग निम्म्यावर येईल, हे प्रत्येक माहिती अधिकारी खासगीत कबूल करतो.

८. अपील करा, पण कागदाचं वय बघून.

तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर. प्रथम अपिलीय अधिकारी बहुधा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसतो आणि ज्याच्याविरुद्ध अपील आहे त्याच्याबरोबर रोज चहा पितो, तेव्हा फार आशा धरू नये. तरी सुनावणीला जावं. समोरासमोर बसल्यावर पुष्कळदा प्रकरण मिटतं. आणि ‘शोध घेतला’ म्हणजे नेमकं काय केलं, हे तोंडी विचारून रोजनाम्यात नोंदवून घेता येतं. मुदतीनंतर माहिती दिली तर ती विनाशुल्क द्यावी लागते, हेही तिथेच सांगावं.

त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. इथे गाडी रुतते. सतर्क नागरिक संघटनेच्या अहवालानुसार जून २०२४ अखेर महाराष्ट्राच्या आयोगाकडे एक लाखाहून अधिक अपिलं आणि तक्रारी पडून होत्या. देशातल्या कोणत्याही आयोगापेक्षा जास्त. आयुक्तांच्या जागा वेळेत भरा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावं लागलं होतं.

या विलंबाचा दप्तराशी थेट संबंध आहे, आणि तो कुणी मांडत नाही. ‘क-१’ वर्गातला कागद पाच वर्षांनी नष्ट करता येतो. काम होऊन दोन वर्षांनी तुम्हाला संशय आला, अर्ज-अपिलात काही महिने गेले, आणि आयोगाची तारीख दोन-तीन वर्षांनी लागली, तर निकाल तुमच्या बाजूने लागेपर्यंत कागद रीतसर गठ्ठ्यातून बाहेर पडलेला असू शकतो. म्हणून अर्ज करतानाच, आणि प्रत्येक अपिलात पुन्हा, एक ओळ लिहावी : प्रकरण अंतिम निकाली निघेपर्यंत हे अभिलेख नष्ट करू नयेत. त्याची पोच जपून ठेवावी.

उशीर करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याच्या दंडाचंही एक गणित आहे. दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार. म्हणजे शंभर दिवसांत मीटर थांबतो. एकशे एकाव्या दिवसापासून उशीर फुकट आहे. तोही दंड आयोगाने लावला तर.

९. ‘वैयक्तिक माहिती’ची नवी भिंत.

२०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्तेची विवरणं ही वैयक्तिक माहिती ठरवली. प्रकरण महाराष्ट्रातलंच. त्या निकालाची छापील ओळ तेव्हापासून प्रत्येक कार्यालयाच्या संगणकात आहे. नाव आलं की नकार. तरी मूळ कलम ८(१)(ञ) मध्ये सार्वजनिक कामाशी संबंध आणि व्यापक जनहित या खिडक्या होत्या, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही असं एक परंतुकही होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने ते सगळं काढून टाकलं आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच शब्द ठेवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अमलातही आली.

याचा अर्थ समजायला माहिती अधिकार कायद्याचा जन्म आठवावा. १९९४ मध्ये राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिल्या जनसुनावण्या घेतल्या. तिथे काय झालं? हजेरीपटावरची नावं लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. जो कामावर आलाच नाही त्याच्या नावावर मजुरी उचललेली निघाली. नावं झाकलेली असती तर ती सुनावणी झालीच नसती. आपल्याकडे शेततळ्याचा लाभार्थी, घरकुलाचा लाभार्थी, रोजगार हमीचा मजूर, या याद्या नावाशिवाय म्हणजे कोरा कागद.

दोन वाटा उरल्या आहेत. कलम ८(२) अजून शाबूत आहे : जनहित अधिक वजनदार असेल तर अपवादातली माहितीही देता येते. आणि कलम १० : खासगी भाग झाकून बाकीचा कागद द्यावा, म्हणजे आधार क्रमांक आणि बँक खाते काळं करा, नाव आणि रक्कम ठेवा. गंमत अशी की कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराने माहिती कशासाठी हवी याचं कारण देण्याची गरज नाही, आणि आता मात्र जनहित काय आहे ते अर्जातच दोन ओळींत लिहिलेलं बरं. दीडशे शब्दांत तेवढी जागा ठेवावी.

१०. ‘ब्लॅकमेलर’ हा शब्द.

कोणत्याही अधिकाऱ्याला या विषयावर बोलतं केलं की दुसऱ्या मिनिटाला हा शब्द येतो. असे लोक आहेत. अर्ज टाकायचा, मग ठेकेदाराला फोन, मग अर्ज मागे. त्यांनी या कायद्याचं नुकसान केलंय यात शंका नाही. पण खंडणी कशाच्या जोरावर मागता येते? एमबीचं पान फक्त दोघांकडे आहे म्हणून. तेच पान फलकावर लावलं तर त्याची किंमत शून्य. ज्यांना अशा अर्जदारांचा खरोखर त्रास होतो त्यांनी सगळ्यात आधी दप्तर उघडं करण्याची मागणी करायला हवी; ती मात्र ऐकू येत नाही.

आणि ज्यांनी पैसे मागितले नाहीत त्यांचं काय झालं तेही विसरू नये. तळेगाव दाभाडेच्या सतीश शेट्टी यांनी जमिनीच्या व्यवहारांचे कागद बाहेर काढले. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला.

११. मग सरकारकडे काय मागायचं?

नवा कायदा नको. आहे त्यातून एवढं करता येईल.

प्रत्येक तालुका कार्यालयात अभिलेखपालाचं पद भरावं आणि ते ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नये. सोमवारच्या अवलोकनाचं परिपत्रक जिल्ह्याच्या ठिकाणी थांबू नये. ग्रामीण माणसाची कामं तालुक्यात असतात. ‘आढळून येत नाही’ हे उत्तर माहिती अधिकाऱ्याच्या एकट्याच्या सहीने जाऊ नये. त्यासोबत कुठे शोधलं, कुणाला विचारलं, शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे हे सांगणारा शोध अहवाल कार्यालय प्रमुखाच्या सहीने जोडलेला असावा. मला वाटतं एवढी एकच सक्ती केली तर सापडणाऱ्या संचिकांची संख्या एका वर्षात लक्षणीय वाढेल. एखाद्या अर्जावर जी कागदपत्रं दिली ती त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकावीत, म्हणजे दुसऱ्याला तोच अर्ज करावा लागणार नाही आणि पहिल्याला तो कागद कुणाला विकता येणार नाही.

आणि अभिलेख नष्ट करण्याची यादी. ती आज कार्यालयातल्या कार्यालयात मंजूर होते आणि रद्दीवाला येऊन जातो. नष्ट करण्याआधी एक महिना ही यादी फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी, ज्याची हरकत असेल त्याने ती नोंदवावी. याला पैसे लागत नाहीत, पद लागत नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर आपल्या जिल्ह्यापुरतं साध्या पत्राने सुरू करता येतं. ग्रामपंचायतीला तर तेवढ्या पत्राचीही वाट पाहायला नको, ग्रामसभेचा ठराव पुरेल.